स्मरणिकेचं अक्षर: पारंपरिक सेरीफ कसं निवडावं, कसं वापरावं

सोसायटीचा सुवर्णमहोत्सव, मंडळाची शंभरी, वाचनालयाचा विशेषांक, आजोबांच्या आठवणींचं छोटं पुस्तक. मुंबईत अशी कामं “तुला कॉम्प्युटर येतो ना?” एवढ्या पात्रतेवर कुणाच्या तरी गळ्यात पडतात. लेख जमतात, जाहिराती जमतात, आणि मग डीटीपीवाला विचारतो, “फाँट कुठला टाकू?” आपण म्हणतो, “चांगला टाका.” त्याच्या मशीनवर जो असेल तो तो टाकतो. छापून आल्यावर मंडळातले ज्येष्ठ चष्मा वर-खाली करत बसतात, आणि नेमकं काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

अशी कामं माझ्याकडे बरीच आली, अजूनही येतात. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, अक्षर आधी मराठीचं निवडायचं आणि इंग्रजीचं त्याच्या शेजारी बसवायचं. बहुतेक जण उलट करतात. दोन, निकाल स्क्रीनवर लावायचा नाही, कागदावर लावायचा. खालच्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सगळा मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर तसाच दिसणाऱ्या टायपिंगमध्ये), शक्यतो एकाच वर्ड फाइलमध्ये. लेखकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलेला मजकूर हा मजकूर नव्हे.
- अंदाजे पानं, पुस्तकाचा आकार, किती प्रती.
- ज्या कागदावर छापणार त्याचे पाच-दहा कोरे ताव. छापखान्यातून मागून घ्या, सहसा कुणी नाही म्हणत नाही.
- साधं भिंग आणि स्टीलची पट्टी.
- फाँटच्या मूळ फाइल आणि त्यांच्यासोबत आलेला परवान्याचा कागद, एका फोल्डरमध्ये.
- तुम्हाला वाचायला छान वाटलेलं एक जुनं मराठी पुस्तक. याचा उपयोग शेवटपर्यंत होतो.

१. आधी ठरवा, हे अक्षर तुमच्या कामाचं आहे का

पारंपरिक सेरीफ, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेलं, जाड-बारीक रेषेचं अक्षर, हे सलग वाचनाचं अक्षर आहे. दोन-तीन पानांचे लेख, आठवणी, कविता, अहवाल, मानपत्र, लग्नपत्रिका इथे ते शोभतं आणि वाचणाऱ्याला थकवत नाही. मांडवाबाहेरचा फ्लेक्स, वर्गणीचं पावतीपुस्तक, पार्किंगची सूचना यांसाठी ते घेऊ नका. चालत्या बेस्टमधून दिसायला हवं तिथे बारीक रेषा आधी नाहीशा होतात.

दुकानाची पाटी करत असाल तर एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवा. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांच्या नामफलकावर नाव मराठीत, देवनागरी लिपीत लागतं, आणि मराठी अक्षराचा आकार इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. स्मरणिकेला हा नियम लागू नाही, पण मुखपृष्ठावर इंग्रजी नाव ठळक आणि मराठी नाव तळाशी मुंगीएवढं असली मांडणी पाहिली की तो तिथेही लागू असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

२. सेरीफ म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहून घ्या

रोमन, म्हणजे इंग्रजीच्या, अक्षराच्या रेघा जिथे संपतात तिथे जी छोटी टोकं किंवा पाय बाहेर आलेले असतात, ते सेरीफ. मोठ्या ‘टी’च्या तळाशी दोन्ही बाजूंना पाऊल, छोट्या ‘एन’च्या वरच्या टोकाला तिरपा तुकडा. पण फक्त टोकं पाहून थांबू नका. या घराण्यातल्या अक्षरांची खरी ओळख जाड-बारीक रेषेत असते. ती रेषा पसरट टोकाच्या लेखणीतून आली. लेखणी तिरपी धरल्यामुळे रोमन ‘ओ’ वर डावीकडे आणि खाली उजवीकडे बारीक होतो, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत जाड.

आता आपला बोरू घ्या. त्याचा काप उलट्या तिरक्याचा. म्हणून देवनागरीतल्या गोलाईचं वजन बरोबर उलट्या कोपऱ्यांत बसतं. भिंगाखाली ‘ठ’ आणि रोमन ‘ओ’ शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसेल. हे कळलं की पुढचा एक हट्ट सुटतो: मराठी आणि इंग्रजी अक्षरं तंतोतंत एकसारखी दिसावीत हा. ती दिसणार नाहीत. जुळवायचं असतं ते पानावर पडणारं वजन.

देवनागरीत रोमन अर्थाने सेरीफ नसतो. फाँट बनवणारे ज्याला ‘देवनागरी सेरीफ’ म्हणतात तो म्हणजे जाड-बारीक रेषा असलेला, बोरूच्या वळणाचा, पुस्तकी टाइप. त्याचा मुंबईतला सगळ्यात मोठा पुरावा निर्णयसागर. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेला हा छापखाना काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये होता. खिळ्यांसाठी, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांसाठी, ठसे कोरले ते राणोजी रावजी आरू यांनी. १८८६ पासून निर्णयसागरने काढलेल्या ‘काव्यमाला’तली संस्कृत पुस्तकं देशभर गेली, आणि त्यांच्यासोबत मुंबईचं अक्षरवळणही गेलं. आज हिंदीतही जो ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ सर्रास छापला जातो, तो मूळचा मुंबईच्या खिळ्यांचा.

निर्णयसागरचं एखादं पुस्तक प्रत्यक्ष हातात घ्या. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. तेवढा वेळ नसेल तर फ्लोरा फाउंटन किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग चाळा; निर्णयसागर नाही तरी खिळ्यांवर छापलेलं काहीतरी सापडतंच. पान उजेडात तिरकं धरा. कागदाच्या पाठीमागे खिळ्यांचा दाब बोटाला लागतो. मग भिंगातून एकच ओळ पाहा. शिरोरेषा भक्कम पण काळी पट्टी वाटत नाही. ‘क’च्या पोटातली, ‘व’च्या पोटातली पांढरी जागा मोकळी आहे, शाईने बुजलेली नाही. मात्रा वर सुटसुटीत बसली आहे. जोडाक्षराची उतरंड खालच्या ओळीला धडकत नाही. हेच चार मुद्दे पुढे प्रत्येक फाँटला लावायचे आहेत.

३. मराठी अक्षर निवडा

वर्डमध्ये मराठी टाइप केलं की समोर बहुधा मंगल किंवा निर्मला येतं. मंगल हे र. कृ. जोशींचं काम, विंडोजवर देवनागरी उभी राहिली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण ते स्क्रीनसाठी घडवलेलं अक्षर आहे. शंभर पानं त्यात छापू नका.

पुस्तकी वळणाचे, मोफत आणि कायदेशीर मिळणारे चार पर्याय सांगतो.

टिरो देवनागरी मराठी हा माझा पहिला कौल. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे, रेषा पुस्तकी, आणि सोबतचं रोमनही त्याच हाताने बेतलेलं. पण यात बोल्ड नाही. साधं आणि इटॅलिक, संपलं. ‘बी’चं बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षराला बाहेरून जाडी चढवतं, पोटातल्या जागा बुजतात आणि छापल्यावर डाग दिसतो. तेव्हा मथळे मोठ्या आकारात साध्या वजनातच करा, किंवा मथळ्यांना दुसरं अक्षर घ्या.

यशोमुद्रा राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेलं. सरकारी संस्थेचं म्हटल्यावर नाक मुरडू नका, मजकुरासाठी चांगलं आहे.

शोभिका आयआयटी मुंबईतून आलेलं. संस्कृत उतारे, वैदिक स्वरचिन्हं असतील तर हेच घ्या, साधं आणि बोल्ड दोन्ही मिळतं. त्यातलं रोमन कॉर्मोरंट नावाच्या अक्षरातून घेतलेलं आहे, देखणं पण नाजूक; लहान आकारात फिकं पडतं.

नोटो सेरीफ देवनागरीत हव्या तितक्या जाड्या मिळतात. कोष्टकं, उपशीर्षकं, फोटोओळी असा पसारा असेल तर व्यवहारी निवड. जुन्या पुस्तकाची ऊब त्यात नाही, हे माझं मत.

परवान्याचं एका वाक्यात: ओपन फाँट लायसन्सखालचा फाँट विक्रीच्या पुस्तकातही वापरता येतो, नुसता फाँट म्हणून विकता येत नाही. कुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेला नामांकित कंपनीचा फाँट मात्र मंडळाच्या कामातही नको.

४. परीक्षेचा परिच्छेद छापा

फाँटच्या जाहिरातीत नेहमी सोपे शब्द असतात. तुम्ही अवघड द्या. मी प्रत्येक फाँटला हा उतारा घालतो:

*वाऱ्यावर डुलणाऱ्या दुसऱ्या फांदीवर कुऱ्हाड पडली. मूर्तींना, कीर्तीला, निर्मितीला, सर्वांत. वाङ्मय, राष्ट्र, उद्ध्वस्त, बुद्ध्यांक, चिन्ह, आल्हाद, विठ्ठल, क्लृप्ती, हृदय, शृंगार, ज्ञानेश्वरी. स्त्रिया. ॲक्टर, ऑफिस, बँक. लाल शाल, बाळ, रुपया, रूप. ०१२३४५६७८९*

काय पाहायचं? ‘वाऱ्यावर’मध्ये चंद्रकोरीसारखा अर्धा र यायला हवा, त्याच्या जागी रफार आला किंवा नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) लटकला तर तो फाँट किंवा ते टायपिंग मराठीच्या कामाचं नाही. ‘मूर्तींना’मध्ये रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात, तिघांची गर्दी होऊन काळा ठिपका बनत असेल तर दहा पॉइंटला तो नक्कीच बुजणार. ‘स्त्रिया’तली पहिली वेलांटी जोडाक्षरावर पूर्ण छत्र धरते की अर्ध्यातच संपते, ते बघा. जुन्या फाँटांत ‘ॲ’ नसतो, तिथे चौकोन येतो किंवा दुसऱ्याच फाँटमधलं अक्षर येऊन बसतं.

‘लाल शाल’ घातलंय ते ‘ल’ आणि ‘श’साठी. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयाने मराठीची ही वळणं ठरवून दिली आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी लावली तरच आपलं वळण येतं, नाहीतर हिंदीचं राहतं. म्हणजे फाँट बदलायच्या आधी भाषा तपासा. वर्डमध्ये खाली पट्टीत दिसते, इनडिझाइनमध्ये (पुस्तकाची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कॅरेक्टर पॅनेलमध्ये.

हा उतारा ११, १२ आणि १३ पॉइंटमध्ये, तुमच्या खऱ्या कागदावर, साध्या लेझर प्रिंटरवर काढा. घरात ट्यूबलाइटखाली वाचा, दिवसा खिडकीशी वाचा, आणि जमलं तर लोकलमध्ये वाचा. मग साठीच्या पुढच्या दोघा-तिघांना द्या. त्यांनी कागद लांब धरला की उत्तर मिळालं.

५. शेजारी बसणारं रोमन

मुंबईच्या स्मरणिकेत इंग्रजी येतंच. जाहिराती, देणगीदारांची नावं, एखाद्या डॉक्टर सभासदाचा अख्खा लेख. टिरो घेतलं असेल तर त्यातलं रोमन वापरा आणि ही पायरी सोडून द्या. बाकीच्यांना थोडं जाणून घ्यावं लागेल.

टाइम्स न्यू रोमन सगळीकडे असतं म्हणून सगळीकडे जातं. ते लंडनच्या ‘द टाइम्स’साठी स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट यांनी रेखाटलं आणि ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून छापायला लागलं. अरुंद स्तंभात जास्त शब्द मावावेत अशी त्याची बांधणी. पुस्तकाच्या रुंद ओळीत ते आक्रसल्यासारखं दिसतं, आणि मोकळ्या देवनागरीशेजारी तर फारच. खुद्द त्या वर्तमानपत्रानेही १९७२ मध्ये ते बदललं.

गारामाँ ही सोळाव्या शतकातल्या पॅरिसची चीज. छोट्या ‘ई’चा डोळा बारीक, ‘ए’चं पोट लहान, रेषेत लेखणीची आठवण शाबूत. मराठी पुस्तकी अक्षराशी याचं चांगलं जमतं, कारण जाड-बारीक फरक दोन्हीकडे माफक आहे. पण या नावाने मिळणारी बरीच अक्षरं मुळात क्लोद गारामाँची नाहीत, नंतरच्या ज्याँ जानों या कारागिराची आहेत. बिआट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये हे उघड केलं. वर्डसोबत येणारं मोनोटाइपचं गारामाँ याच जानोंच्या वळणाचं. मूळच्या जवळ जायचं असेल तर ‘ईबी गारामाँ’ मोफत मिळतं; त्यातलं ‘ईबी’ म्हणजे एगेनोल्फ-बेर्नर, ज्यांच्या १५९२च्या नमुनापत्रावरून ते घेतलंय.

कॅस्लन अठराव्या शतकातलं लंडनचं, दणकट आणि थोडं खडबडीत. अमेरिकेचा १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा छापला गेला तो याच खिळ्यांत. मॅपलिथो कागदावर, म्हणजे साध्या, बिनचकाकीच्या पुस्तकी कागदावर, कॅस्लन कधी दगा देत नाही.

बास्करव्हिल जास्त उभं, जास्त नेटकं. जॉन बास्करव्हिल हा बर्मिंगहॅमचा सुलेखन शिकवणारा माणूस. आपल्या बारीक रेषा नीट उमटाव्यात म्हणून त्याने शाई आणि गुळगुळीत कागद दोन्हींवर मेहनत घेतली, आणि १७५७ मध्ये त्यातून रोमन कवी व्हर्जिलचं काव्य छापलं. तुमच्याकडे तसा कागद असेल तर हे घ्या. मोफत मिळणारं ‘लिब्र बास्करव्हिल’ स्क्रीनसाठी थोडं रुंद केलेलं आहे, ते पुस्तकात एक-दीड पॉइंट लहान ठेवावं लागतं.

बोडोनी मथळ्याला ठीक. मजकुराला नाही. केसाएवढ्या रेषा स्वस्त कागदावर तुटतात आणि उभ्या जाड रेघांचं कुंपण तेवढं उरतं.

आता जुळवणी. एकच पॉइंट दोघांना दिला तर देवनागरी आणि रोमन सारखे दिसत नाहीत; फाँटागणिक फरक पडतो. मोठ्या आकारात ‘मराठी’ हा शब्द आणि छोट्या अक्षरांतला एक इंग्रजी शब्द शेजारी टाइप करा. छोट्या रोमन अक्षरांची उंची शिरोरेषेपेक्षा खाली राहायला हवी, आणि मोठं रोमन अक्षर शिरोरेषेच्या आसपास. ते जमलं की पान हातभर लांब धरून डोळे बारीक करा. इंग्रजी शब्द काळे ठिपके वाटले तर अर्धा पॉइंट कमी करा, भोकं वाटली तर वाढवा. दर वेळी हाताने बदलत बसू नका. वर्डच्या एका स्टाइलमध्ये दोन्ही लिप्यांचे फाँट आणि आकार वेगळे ठेवता येतात. इनडिझाइनमध्ये ग्रेप स्टाइल (ठरावीक प्रकारची अक्षरं आपोआप शोधणारी सोय) लावून सगळ्या रोमन अक्षरांना आपोआप वेगळी कॅरेक्टर स्टाइल देता येते.

इटॅलिक फक्त रोमनला, तेही फाँटमध्ये खरं इटॅलिक असेल तर. मराठी शब्द बटण दाबून तिरपे करू नका. पुस्तकांची नावं एकेरी अवतरणात द्या.

६. माप, ओळी, समास

डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, धरून सांगतो. मजकूर १२ किंवा साडेबारा पॉइंट, दोन ओळींमधलं अंतर १७ ते १८. इंग्रजी पुस्तकांतलं १२ला साडेचौदा इथे चालत नाही, कारण वर मात्रा-वेलांटी-रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं. ओळीत साधारण दहा-बारा शब्द. आतला समास बाहेरच्याएवढा तरी ठेवा, जाड अंक असेल तर जास्त, नाहीतर बाइंडिंगमध्ये शब्द गिळले जातात.

आकडे देवनागरीच वापरा, आणि एकदा ठरलं की अनुक्रमणिकेपासून पृष्ठांकापर्यंत तेच. देणगीदारांच्या यादीत फोन नंबर रोमन आणि रकमा देवनागरी असा गोंधळ हमखास होतो.

७. डीटीपीवाल्याकडे जाताना

इथेच सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून थोडं थांबतो.

पहिला सापळा जुन्या फाँटांचा. बरेच जुने आणि अनुभवी डीटीपीवाले अजून श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या सांकेतिक पद्धतीवर हात बसलेले आहेत. तुमचा युनिकोड मजकूर ते आपल्या फाँटात बदलून घेतात, आणि पुढची अर्धी दुरुस्ती त्या बदलातून उगवलेल्या चुकांची असते. अर्धा र, ‘ॲ’, ‘ङ’, अवतरणचिन्हं आणि रफार ही पाच ठिकाणं पहिली तपासा. आधीच विचारा: “काम युनिकोडमध्ये कराल ना?” उत्तर घुटमळत आलं तर दुसरं दार ठोठावा.

दुसरा सापळा इनडिझाइनमधला. ‘मिठी’तली वेलांटी ‘म’च्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेले दिसले, तर फाँटला शिव्या देऊ नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

तिसरा माझ्या मते सगळ्यात कुरूप. ओळ दोन्हीकडून सरळ करताना सॉफ्टवेअर शब्दांमध्ये जागा वाढवतं, आणि परवानगी दिली असेल तर अक्षरांमध्येही. रोमनला ते खपून जातं. देवनागरीची शिरोरेषा मात्र तुटते, आणि ‘मुंबई’ची ‘मुं ब ई’ होते. जस्टिफिकेशनमध्ये अक्षरांमधली जागा तिन्ही ठिकाणी शून्य करा. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरं सैल-घट्ट करायचा आकडा, तोही शून्य. मथळा ‘एअरी’ दिसावा म्हणून अक्षरं पसरवायचा मोह डिझायनरला होतो. तो मराठीत पुरवायचा नाही. दोन स्तंभांच्या अंकात शब्दांमध्ये खिंडारं पडत असतील तर मजकूर डावीकडून सरळ ठेवा, उजवी कड मोकळी सोडा.

चौथा: “फाँटचा प्रॉब्लेम नको म्हणून सगळं कर्व्ह करून देतो.” कर्व्ह म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं. एखाद्या पानाच्या जाहिरातीला चालेल. अख्ख्या अंकाला नको. एकदा कर्व्ह झालं की शेवटच्या प्रुफात सापडलेली वेलांटी दुरुस्त करायला मूळ फाइल शोधावी लागते, आणि ती कधीच सापडत नाही. फाँट आत बसवलेली पीडीएफ मागा. ती उघडून प्रॉपर्टीजमध्ये फाँटांची यादी पाहा. प्रत्येक नावापुढे तो आत बसल्याची नोंद हवी. यादीत मंगल दिसलं तर कुठेतरी एखादा परिच्छेद निसटलाय.

८. कागद, शाई आणि प्रूफ

मजकुराला नॅचरल शेडचा ७० किंवा ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो पुरतो. पांढराशुभ्र कागद आणि बारीक रेषांचं अक्षर ही जोडी डोळ्यांना टोचते. फोटोंची पानं आर्ट पेपरवर असतील तर तोच मजकूर तिथे बारीक दिसेल, कारण आर्ट पेपरवर शाई पसरत नाही आणि मॅपलिथोवर थोडी पसरते. म्हणून फोटोओळी पाव-अर्धा पॉइंट मोठ्या.

अंक रंगीत असेल तर मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा आहे ना, ते विचारून घ्या. चारही रंगांनी मिळून बनलेला काळा स्क्रीनवर गडद दिसतो, पण छापताना एखादी प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी सावली येते. सेरीफ आणि वेलांट्या त्यात पहिल्या मरतात. गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरातला मजकूर देऊ नका. द्यायचाच असेल तर जाड वजनात आणि दोन पॉइंट मोठा.

पृष्ठसंख्या १६च्या पटीत बसवा, निदान ८च्या; एका तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांना फर्मा म्हणतात. “फर्म्यात बसत नाही” म्हणून ऐनवेळी अक्षर बारीक करायची सूचना येते. त्यापेक्षा एखादा लेख कापा किंवा जाहिरातीचं पान काढा.

प्रूफ कागदावरच वाचा, मोबाइलवर नाही. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. मजकूर वाचून झाला की एक फेरी नुसत्या अक्षरांसाठी: अर्धे र, तुटलेल्या शिरोरेषा, हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, सरळ उभी अवतरणचिन्हं.

९. मशिनवर जाण्याच्या दिवशी

जमलं तर स्वतः जा. पहिले काही ताव शाई बसेपर्यंत वाया जाणारच असतात, त्यांवर मत देऊ नका. रंग स्थिरावल्यावरचा ताव घ्या आणि भिंगातून ‘मूर्तींना’सारखा गर्दीचा शब्द पाहा. पोटातल्या जागा भरत असतील तर शाई कमी करायला सांगा. छोट्या रोमन ‘ई’च्या आडव्या रेषा तुटत असतील तर वाढवायला. सोबत नेलेलं जुनं पुस्तक उघडून शेजारी धरा. मशीनवाल्याला “थोडं काळं कमी” सांगण्यापेक्षा “असं हवंय” म्हणून दाखवणं सोपं जातं.

निघताना तीन गोष्टी मागून घ्या: अंतिम पीडीएफ, उघडता येणारी मूळ फाइल, आणि वापरलेल्या फाँटांचं फोल्डर. पैसे चुकते करायच्या आधी मागा. आणि श्रेयनामावलीच्या पानावर मुद्रकाच्या नावाखाली एक ओळ टाका: मजकुराचं अक्षर कुठलं, रोमन कुठलं, आकार काय. पंचवीस वर्षांनी पुढची स्मरणिका ज्याच्या गळ्यात पडेल, त्याला निदान “फाँट कुठला टाकू?” याचं उत्तर तरी तयार मिळेल.